भिंतीच्या पोटातील दगड

धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः उमरगा, लोहारा आणि तुळजापूर या तालुक्यांच्या जुन्या गावठाणांत, काळ्या दगडाच्या जाड भिंतींची आणि सपाट मातीच्या छपराची जी घरे आढळतात, त्यांना माळवदाची घरे म्हणतात. बालाघाटाच्या पठारावर पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असल्याने उतरत्या कौलारू छपरापेक्षा ऊन आत शिरू न देणारा मातीचा जाड थर येथे अधिक उपयोगी ठरत आला. लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, नदीनाल्यांत आणि शेतांच्या बांधांवर हवा तेवढा मिळतो. चुना मात्र विकत घ्यावा लागतो, त्यामुळे सामान्य कुटुंबाची भिंत दगड आणि चिखल यांतच उभी राहत असे.

माळवद म्हणजे नुसती मातीने लिंपलेली गच्ची नव्हे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा किलचे आणि त्यांवर मातीचा थर अशी त्याची रचना असते. ही माती शेतातील काळी नसते, कारण काळी माती वाळली की भेगाळते. जुन्या वस्तीच्या जागेवरील पांढरी माती त्यासाठी खणून आणतात, कारण ती दाबून बसवली की पाणी सहसा झिरपू देत नाही. चार खांबांमधील जागेला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांवरून सांगण्याची रीत आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात टिकून आहे. मोठ्या वाड्यात दरवाजातून शिरताच दोन्ही बाजूंना उंच ओटे असलेली ढाळज लागते, तिथे पाहुण्यांची आणि गावच्या कारभाराची बैठक बसते. त्यापुढे उघडा चौक, चौकाभोवती ओसरी आणि आत अंधाऱ्या, थंड खोल्या, ज्यांना उजेड मिळतो तो माळवदात ठेवलेल्या झरोक्यातून, म्हणजे सवण्यातून. धान्यासाठी भिंतीलगत बांधलेले बळद आणि दिव्यासाठी देवळी ही या जाड भिंतींचीच देणगी होय. या प्रदेशाने १९४८ पर्यंत निजामाची राजवट पाहिली असल्याने उन्हाइतकीच चोरा-दरोडेखोरांचीही भीती भिंतीच्या जाडीत मुरलेली होती, आणि देशमुख-पाटलांच्या गढ्या तर उघडउघड संरक्षणासाठीच बांधलेल्या असत.

या वास्तूचे खरे गुपित, आणि तिचा घातक दोषही, भिंतीच्या पोटात आहे. दोन फुटांपासून कधी पाच-सहा फुटांपर्यंत जाड असणारी ही भिंत एकसंध नसते; बाहेरचा एक पदर आणि आतला एक पदर असे दोन स्वतंत्र पदर रचून मधली पोकळी बारीक दगड, कपच्या आणि चिखल यांनी भरलेली असते. पदरांचे दगड बहुधा गोलसर असतात आणि चिखल त्यांना धरून ठेवण्यास अपुरा पडतो, म्हणून दोन्ही पदरांना सांधणारे लांब आडवे दगड ठराविक अंतराने आरपार बसवणे आवश्यक असते. परंतु असा दगड घडवण्यास श्रम आणि पैसा लागत असल्याने तो बहुतेक घरांत वगळला गेला. भरीस भर म्हणून गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकली जाई आणि जुनी काढली जात नसे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर माती एक फूट जाड झाली, तर त्या एका खोलीच्या डोक्यावर चार टनांहून अधिक भार येतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ इतकी, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम होती, परंतु केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी हे नाव सर्वतोमुखी झाले असले तरी धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि त्याच्या आसपासची गावेही जमीनदोस्त झाली. एकूण मृतांची संख्या सुमारे आठ हजार होती. तत्कालीन भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता, त्यामुळे भूकंपाचा विचार करून बांधण्याचे कारणच कोणाला वाटले नव्हते. हादऱ्यात भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडला. कित्येक घरांत लाकडी सांगाडा छपरासह उभा राहिला आणि माणसे मात्र भिंतीच्या दगडांखाली गेली. जिथे खांबांना तिरपे आधार नव्हते, तिथे सांगाडाही कलंडला. कुडाच्या झोपडीत राहणारी कुटुंबे पुष्कळ अंशी वाचली, आणि जितका जुना व श्रीमंत वाडा तितकी भिंत जाड व माती अधिक, असा विपरीत हिशेब त्या पहाटे दिसून आला.

त्यानंतर दगड हाच गुन्हेगार ठरला, आणि हा निवाडा घाईचा होता. चीनच्या सिचुआन प्रांतात मिन नदीच्या वरच्या खोऱ्यातील छ्यांग लोकही दगड आणि चिखल यांचीच घरे बांधतात, त्यांची छपरेही सपाट असतात आणि त्यांवर पांढरे दगड पूज्य म्हणून ठेवलेले असतात. त्यांच्या ताओपिंग या गावातील उंच दगडी टेहळणी मनोऱ्यांचे तळ रुंद असून भिंती वर जाताना आत कलत आणि बारीक होत जातात, म्हणजे वजन खाली राहते. १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपात, ज्याची तीव्रता ७.९ होती, हे मनोरे कोसळले नाहीत. त्याच भूकंपात लुओबोझाई हे पिवळ्या मातीच्या भिंतींचे छ्यांग गाव मात्र उद्ध्वस्त झाले, तेव्हा परंपरा जुनी असणे एवढ्यावर काहीच ठरत नाही. दगड कसा सांधला आणि भार कुठे ठेवला, यावर सारे ठरते. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला, तो याच काळ्या दगडाचा आहे. घडीव चिरे आणि चुना यांमुळे तो आजही नदीच्या पुराचा मारा सोसतो. अर्थात तो राजाच्या खजिन्यातून उभा राहिला, आणि शेतकऱ्याच्या घराशी त्याची तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही.

पुनर्वसनात सुमारे ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने सरळ, रुंद रस्त्यांची वसाहत उभी राहिली. घरे सुरक्षित झाली, पण ढाळज गेली, चौक गेला, गुरांना आणि धान्याला जागा उरली नाही. उन्हाळ्यात तापणाऱ्या खोल्यांपुढे पत्र्याच्या शेडी चढवून लोकांनी आपापला तोडगा काढला. ज्या गावांत स्थलांतर झाले नाही, तिथे जुन्या भिंतींत छिद्रे पाडून आरपार सांधे बसवणे, माळवदाची माती कमी करणे, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार ठोकणे असे साधे उपाय सुचवले गेले. ते कमी खर्चाचे होते आणि घराचे रूपही राखणारे होते. मात्र भीती इतकी खोल होती की दगडी घर दुरुस्त करण्यापेक्षा पाडण्याकडेच लोकांचा कल राहिला.

जुन्या गावठाणातून हिंडणाऱ्या जिज्ञासूला आज जी माळवदाची घरे दिसतात, त्यांच्या पडक्या भिंतींचा छेद पाहणे सर्वांत उद्बोधक ठरते, कारण दोन पदर, मधला भराव आणि क्वचित एखादा आरपार दगड तिथे उघडा पडलेला असतो. भारतीय मानकानुसार असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर अंतराने असावे लागतात.