विषय मंजूर, पण विचारलं कुणी?

महापालिकेची सभा म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती वर्तमानपत्रांतली छायाचित्रं: राजदंड पळवणारे नगरसेवक, पाणीटंचाईच्या निषेधार्थ आणलेले रिकामे हंडे, महापौरांच्या आसनासमोरचा ठिय्या. असे प्रसंग घडतात, पण वर्षातून चार-दोनदा. एरवीचं कामकाज अगदीच निरस असतं. नगरसचिव विषयपत्रिका काढतात, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतं, विषय क्रमांक पुकारला जातो, कुणी सूचक होतो, कुणी अनुमोदक, आणि मागच्या बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो. यात बातमी नाही, म्हणून वार्ताहराला त्यात रस नाही, आणि वार्ताहराने सांगितलं नाही म्हणून नागरिकालाही ते ठाऊक नाही. पण शहराच्या पैशांची राखण जी काही होते ती याच कंटाळवाण्या रहाटीतून होते. ती बंद पडली तर रस्ते, गटारं, पाण्याच्या टाक्या यांची कामं थांबत नाहीत. थांबतं ते फक्त विचारणं. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांनी हे चार-चार वर्षं अनुभवलं आहे, त्यामुळे आता त्याबद्दल अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही.

सुरुवात एका गैरसमजापासून करायला हवी. नगरसेवक रस्ता बांधत नाही, आणि महापौरही बांधत नाही. मुंबईचा १८८८चा अधिनियम घ्या किंवा राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेला १९४९चा. दोन्हींत अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे, म्हणजे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आहे. सभागृहाच्या वाट्याला येतं ते ठरवणं, मंजुरी देणं आणि जाब विचारणं. मुंबईत या सभेला नुसतं ‘सभागृह’ म्हणतात, पुण्यात ‘मुख्य सभा’, ठाणे-नाशिककडे ‘महासभा’. १९४९च्या अधिनियमाप्रमाणे ही सभा महिन्यातून किमान एकदा व्हायलाच हवी, तिची सूचना आगाऊ निघायला हवी, आणि उपस्थित सदस्यांनी बहुमताने वेगळं ठरवलं नाही तर तिची दारं लोकांना उघडी असायला हवीत. पैशांचा बारीक हिशेब मात्र स्थायी समितीत होतो. तिथे सोळा सदस्य असतात, दर आठवड्याला बैठक होते आणि दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोण निवृत्त होणार हे चक्क चिठ्ठ्या टाकून ठरतं. तिजोरीच्या किल्लीजवळ कुणालाही फार काळ बसू द्यायचं नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

या रहाटीचा अर्थ कळण्यासाठी एखादा विषय जवळून पाहावा. समजा, एका पेठेत पावसाळी गटाराचं काम करायचं आहे. खातं त्याचा प्रस्ताव तयार करतं. काही महापालिकांत त्याला ‘डॉकेट’ म्हणतात, मुंबईत ‘मसुदापत्र’. दोन-तीन पानांच्या या कागदावर कामाची गरज, अंदाजपत्रकीय रक्कम, किती निविदा आल्या, त्यांतली कमीत कमी दराची कोणती, ती अंदाजापेक्षा किती टक्के खाली किंवा वर, आणि खर्च कोणत्या अर्थशीर्षातून टाकायचा, हे सगळं लिहिलेलं असतं. भाषा इतकी रुक्ष की दुसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटावेत. पण वाचायला शिकलेल्या सदस्याला त्यात प्रश्नांची खाणच सापडते. निविदा तीनच का आल्या? दर इतका खाली असेल तर ठेकेदार काम कसं करणार? की नंतर ‘वाढीव काम’ दाखवून तो भरून काढणार? याच गल्लीचं गटार दोन वर्षांपूर्वी झालं होतं ना? पुण्यात आणखी एक शब्द कानावर पडतो, ‘वर्गीकरण’. अंदाजपत्रकात एका कामासाठी धरलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे असतील तर वर्गीकरणाचा प्रस्ताव समितीपुढे आणावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये असे प्रस्ताव ढिगाने येतात. उद्यानाचे पैसे फुटपाथकडे कसे गेले, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने अर्थसंकल्पाच्या भाषणापेक्षा हे कागद वाचावेत. समितीपुढे तीन-चार वाटा असतात: मंजूर करणं, उपसूचनेसह मंजूर करणं, फेरविचारासाठी परत पाठवणं, किंवा विषय ‘दप्तरी दाखल’ करणं, म्हणजे सभ्य भाषेत गुंडाळून ठेवणं. निर्णय काहीही होवो, ठरावाला क्रमांक पडतो, तारीख पडते, कोण काय म्हणालं याची नोंद राहते. पाच वर्षांनी गटार खचलं तर त्या क्रमांकापासून माग काढता येतो.

ही सगळी चौकट हवेतून आलेली नाही. एका आयुक्ताच्या हातात एकवटलेल्या कारभाराचा कडू अनुभव घेऊन मुंबईने ती उभी केली. १८६५च्या कायद्याने मुंबईला पहिले म्युनिसिपल कमिशनर मिळाले, आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार होता, झपाट्याने कामं करणारा होता. शहराची मोठी मंडई त्याच्याच काळात उभी राहिली. पण त्याच्या खर्चावर देखरेख ठेवायला होती ती सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ सदस्यांची मंडळी, आणि तिला ना वेळ होता ना लोकांचं बंधन. खर्च फुगला, कर्ज वाढलं, करदाते खवळले, आणि १८७१ साली मुंबईत मोठं आंदोलन झालं. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आजही विचारात घेण्याजोगी आहे. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला करदात्यांनी निवडलेली सभा असू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. दोष अधिकाऱ्यापेक्षा त्याला विचारणाऱ्या यंत्रणेत आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. १८७२च्या कायद्याने चौसष्ट जणांची सभा आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले, आणि खर्चावर नजर ठेवायला एक छोटी टाऊन कौन्सिल आली. १८८८च्या कायद्यात तिचीच स्थायी समिती झाली. म्हणजे दर आठवड्याला भरणारी ही कंटाळवाणी बैठक मुळात एका कार्यक्षम आयुक्ताच्या खर्चाला लगाम घालण्यासाठी जन्मली.

इतिवृत्ताचं मोल काय, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसतं. जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याचा विषय सभेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असं म्हणत फुले एकटे विरोधात गेले. ठराव अर्थातच मंजूर झाला. पुढे मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा घालण्यालाही त्यांचा विरोध होता, आणि तीही उभी राहिली. मतांच्या मोजणीत फुले दोन्ही वेळा हरले. तरी त्यांचा विरोध आज आपल्याला माहीत आहे, कारण तो सभेत झाला आणि नोंदला गेला. पुण्याची ती मंडई आणि मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, दोन्हींना आज महात्मा फुल्यांचंच नाव आहे. एका माणसाचं ‘नाही’ दीडशे वर्षं टिकवण्याची ताकद सभेच्या त्या रुक्ष वहीत असते.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. राज्यघटनेतला २४३-यू हा अनुच्छेद सांगतो की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेतले बदल आणि सदस्यसंख्येचा घोळ यांत निवडणुका लांबतच गेल्या. नवी मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवलीत २०२०पासूनच प्रशासक होते. मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ला संपली, पुण्याची त्यानंतर आठवड्याभरात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे मुदतवाढ दिली, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ला एकोणतीस महापालिकांसाठी मतदान झालं. इचलकरंजी आणि जालना या शहरांनी तर महापालिका म्हणून पहिल्यांदाच मत दिलं. मधल्या काळात बहुतेक ठिकाणी आयुक्तच प्रशासक होते. सभागृह, स्थायी समिती, सगळ्यांचे अधिकार त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. मुंबईत २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन अर्थसंकल्प याच रीतीने आले. त्यांचा आकडा ५२,६१९ कोटींवरून ७४,४२७ कोटींवर गेला. एवढ्या वाढीवर सभागृहात एक उपसूचना आली नाही, कारण सभागृहच नव्हतं. खर्च योग्य असेलही. पण तो योग्य का, हे कुणाला उभं राहून सांगावं लागलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. स्थायी समिती म्हणजे टक्केवारीचा अड्डा, ठेकेदार आणि नगरसेवक यांचं साटंलोटं, मग ती नसलेलीच बरी, असं पुष्कळ शहाणी माणसंही म्हणतात. समितीत जाण्यासाठी पक्षांत जी चढाओढ चालते तिचं कारण जनसेवेची ओढ आहे, असं कुणी भाबडेपणानेही म्हणणार नाही. सभागृह असलं की गैरव्यवहार होत नाहीत, असाही दावा करता येत नाही. महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या कामांवर विनानिविदा दिलेल्या कामांसह गंभीर ताशेरे मारले. त्यातला बराचसा काळ सभागृह अस्तित्वात होतं. पण याच उदाहरणात एक गोष्ट नजरेआड होते. कोविडच्या साथीच्या काळात समितीने खर्चाचे अधिकार आयुक्तांकडे सोपवले होते, म्हणजे नेहमीची रहाटी बाजूला ठेवली होती. १९४९च्या अधिनियमातही कलम ६७(३)(क)खाली आणीबाणीत आयुक्तांना थेट खर्च करता येतो, मात्र त्याचा अहवाल लगेच समितीपुढे ठेवावा लागतो. वाट नेहमी या फटीतून फुटते. टक्केवारी खाणारा नगरसेवक निदान नावाने ओळखू येतो, विरोधी बाकावरचा कुणी त्याचं बिंग फोडू शकतो, आणि पाच वर्षांनी त्याला मतदारापुढे जावं लागतं. बंद दाराआडच्या मंजुरीला यातलं एकही बंधन नसतं. घरात उंदीर झाले म्हणून दिवा मालवून ठेवावा, अशातलाच तो उपाय.

दुसरा आक्षेप विलंबाचा. विषय समितीत तहकूब होतो, मग सभेत तहकूब होतो, मग नवा ठराव, मग आयुक्त तो विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, सरकारकडे पाठवतात, आणि नागरिक खड्ड्यातून गाडी हाकत राहतो. तक्रार खरी आहे. मात्र हा उशीर अनेकदा विचार करण्यातून येत नाही, तो विचार टाळण्यातून येतो. निर्णय आधीच पक्षाच्या बैठकीत ठरतो, सभेत फक्त ‘मंजूर’ म्हणायचं. अवघड विषय आला की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. आणि ज्याला खरोखर चर्चा नको असते तो प्रस्ताव विषयपत्रिकेवर छापलाच जात नाही. तो ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून येतो. अगदी तातडीच्या कामासाठी ठेवलेली ही सवड नेहमीची वहिवाट झाली, म्हणून डॉकेट वाचण्याची सवयच सदस्यांना उरली नाही. या दुखण्यावर औषध आहे ते कामकाज नेमाने करण्याचं. विषय वेळेवर छापावेत, सदस्यांनी ते वाचून यावेत, प्रश्नोत्तरांचा तास बुडवू नये. असं नेमाचं काम होतं तिथे उशीर कमी होतो, कारण वाद एकदाच आणि उघड्यावर होतो.

तेव्हा नव्या सभागृहांची परीक्षा महापौर कोणत्या पक्षाचा झाला यावर होणार नाही. नागरिकाला ती घेता येते, आणि त्यासाठी फार विद्वत्ताही लागत नाही. माहिती अधिकार कायद्याने कार्यालयांनी स्वतःहून माहिती खुली करायची आहे. २०१८ साली राज्य सरकारने स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागद पाहू देण्याचा आदेश काढला. प्रभाग समितीची बैठक घराजवळच होते. आपल्या वॉर्डाचं अंदाजपत्रकातलं पान, पुण्यात ‘स’ यादीतलं, उघडून पाहिलं तरी गल्लीतल्या कोणत्या कामावर किती पैसे धरले ते कळतं. यातलं काहीच जमलं नाही तर निदान एक साधी मोजणी करावी: गेल्या सभेत छापील विषय किती होते, ऐनवेळचे किती, आणि त्यांतल्या कितींवर एका तरी सदस्याने प्रश्न विचारल्याची नोंद इतिवृत्तात आहे. हे तीन आकडे दर महिन्याला कुणी तरी मोजतं आहे, एवढं सभागृहाला कळलं, तरी मागच्या बाकांवरून ‘मंजूर’ म्हणणारा हात आधी समोरचा कागद उलटून पाहील.