द्राक्षांच्या गावा जाताना

रत्नागिरीकराची सहलीच्या बाबतीत एक अडचण असते. साऱ्या महाराष्ट्राची सहल त्याच्याच अंगणात उतरते. गणपतीपुळे, पावस, समुद्र हे पाहुण्यांना दाखवता दाखवता त्याचे स्वतःचे कोठे जायचे राहूनच जाते. अशा गृहस्थाला नाशिकच्या वायनरी पाहून या म्हटले की तो दचकतो. वाइन, आणि तीही सहकुटुंब? ज्याच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली उभी असते, त्याने एवढे दचकू नये. तेही आंबवूनच करतात.

जायचे तर जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. पावसाळा सरताना छाटलेल्या वेलींची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते आणि कारखान्यांत खरी लगबग तेव्हाच असते. आंबा बागायतदारांनी मोहोराची फवारणी सांभाळून चार दिवस काढावेत. कोकणकन्येने ठाण्याला उतरावे, कल्याणहून नाशिकरोडची गाडी धरावी. पुढे भाड्याची मोटार करावी, कारण चव घेणाऱ्याने चाक हाती घेऊ नये. दिवसाला दोनच वायनरी पुरेत. एक दिवस गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क, दुसरा इगतपुरी तालुक्यात सांजेगावला. आगाऊ नोंदणी करावी. एकवीस वर्षांखालील मुलांनी मळा पाहावा. ज्यांना या वाटेला जायचेच नाही, त्यांच्यासाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर आहेच.

चव घेणे म्हणजे पिणे नव्हे. पेला तिरका धरून रंग पाहायचा, हलवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. तो शेजारच्या भांड्यात टाकून दिला तरी कोणी अपमान मानीत नाही. अढीतला आंबा देठाशी हुंगून तो उद्या खायचा की परवा हे सांगणाऱ्या माणसाला ही विद्या परकी नाही. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून उतरतो. हा तुरटपणा टॅनिनचा. काजूचे बोंड खाल्ले की घसा धरतो, तोही त्याच जातीचा.

बोंडाची आठवण झाली की ही सहल नुसती मौजेची राहत नाही. राजीव सामंत यांची सुला वायनरी १९९९ साली उभी राहिली, २००० साली पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, आणि शेतकरी करार करून वाइनची द्राक्षे लावू लागले. सगळेच सोने झाले असे नाही. १९८०च्या दशकात नारायणगावला फेसाळ वाइन करणारा शामराव चौगुले यांचा मोठा उद्योग पुढे बुडाला. पण फळापासून बाटलीपर्यंतची वाट नाशिकने घालून दिली.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूखाली बोंडांचा खच पडतो आणि बराचसा तेथेच कुजतो. बँकेत असताना काजू कारखान्यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून जात. त्यांत बियांचा हिशेब किलोकिलोचा असे, बोंडांना रकानाच नसे. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडांचा रस काढून हुर्राक आणि फेणी करतात. तिथल्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बोंड दिवसभरातच खराब होऊ लागते, ही अडचण खरी. म्हणून नाशिकला विचारायला हवे की तोडलेले द्राक्ष टाकीत जाईपर्यंत किती तास लागतात, ते थंड कसे ठेवतात, भाव वजनावर ठरतो की गोडीवर, करार किती वर्षांचा असतो आणि गारपीट झाली तर तोटा कोणी सोसायचा.

मार्गदर्शक मुलगा बहुधा वाइनबरोबर कोणते चीज खावे ते सांगू लागेल. तेही ऐकावे. पण हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरे लिहून आणावीत. परत याल तेव्हा काजूखाली पहिली बोंडे पडू लागली असतील.