लहानसं गाव, लांबची किक!

वेल्समधल्या कार्मार्थनशायरचं केव्हनेथिन हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं चिमुकलं गाव. नावाचा अर्थ काटेरी पिवळ्या झुडपांचा डोंगरमाथा. इथल्या छोट्याशा क्लबने रग्बीला काय दिलं, वाचाच!

खाणकामगाराचा मुलगा, रशियनचा जाणकार
याच गावचे कार्विन जेम्स (जन्म १९२९) नौदलात असताना रशियन शिकले, पुढे वेल्श भाषेचे शिक्षक झाले. जागा आउटसाइड हाफची, म्हणजे संघाचा डाव आखणाऱ्याची, पण त्या जागेवर क्लिफ मॉर्गनसारखा खेळाडू असल्याने वेल्सकडून सामने मिळाले फक्त दोन, १९५८ मध्ये.

न्यूझीलंडचा गड सर!
१९७१ मध्ये याच जेम्सनी ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाला, म्हणजे ब्रिटिश आणि आयरिश लायन्सना, प्रशिक्षण दिलं. न्यूझीलंडविरुद्धच्या चार कसोट्यांत दोन विजय, एक पराभव, एक बरोबरी. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी जिंकलेली ही आजवरची एकमेव मालिका! ३१ ऑक्टोबर १९७२ ला जेम्स प्रशिक्षक असलेल्या लानेली क्लबनेही न्यूझीलंडला ९-३ असं लोळवलं. तरीही वेल्सच्या संघाचं प्रशिक्षकपद त्यांना कधीच मिळालं नाही.

४८ पैकी ३०
त्या चार कसोट्यांत लायन्सचे गुण ४८, त्यातले ३० एकट्या बॅरी जॉनचे. तोही केव्हनेथिनचाच! त्या काळी बहुतेक जण सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू मारायचे. बॅरी बाजूने वळसा घेत यायचा आणि पायाच्या आतल्या बाजूने चेंडू अलगद उचलायचा. न्यूझीलंडमध्ये त्याचं नावच पडलं, ‘द किंग’.

राजाने मुकुट उतरवला
एका बँकेच्या कार्यक्रमात एका तरुणीने राजघराण्यासमोर वाकतात तसं गुडघे वाकवून त्याला अभिवादन केलं. हे देवपण त्याला सोसवेना. १९७२ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

गावचा जावई
बॅरीच्या बहिणीचा नवरा डेरेक क्विनेल. वेल्सकडून एकही सामना खेळण्याआधीच तो १९७१ ची तिसरी कसोटी लायन्सकडून खेळला! त्याची मुलं स्कॉट आणि क्रेग पुढे वेल्सकडून खेळली. मामाचं नाव राखलं म्हणायचं!

शाळाही एकच
जेम्स, बॅरी, शेजारच्या टम्बलचा गॅरेथ डेव्हिस आणि ट्रिमसरनचा जोनाथन डेव्हिस हे चौघेही ग्वेन्द्राएथ ग्रामर स्कूलचे विद्यार्थी आणि चौघेही वेल्सचे आउटसाइड हाफ! गायक मॅक्स बॉइसने तर आउटसाइड हाफ बनवणाऱ्या गुप्त कारखान्यावर गाणंच रचलं.

कारखान्याचं गुपित
गुपित मैदानाच्या कडेला उभं होतं. लहानगा बॅरी गावच्या मैदानावर जेम्सचा खेळ टक लावून पाहायचा. पुढे त्याच जेम्सच्या हाताखाली तो न्यूझीलंडला गेला आणि ‘राजा’ होऊन परतला. छोट्या क्लबची श्रीमंती हीच: तिथे मोठा खेळाडू पोरांना हाताच्या अंतरावर दिसतो.