पिट्सबर्गच्या वाटेवरची चार गावं

अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात संध्याकाळी सातला बेसबॉलचा सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणजे सकाळचा पहिला चहा होईस्तोवर तिकडचा सामना उरकलेला असतो आणि फलक समोर हजर. २०२५ चा जून-जुलै मी ग्रीन्सबरो नावाच्या गावच्या संघाचा फलक असा चहाबरोबर वाचण्यात घालवला. संघ जिंकला की हरला, हे सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी एकच नाव शोधायचं: ग्रिफिन, शॉर्टस्टॉप. बॅटिंगला किती वेळा आला, हिट किती, वॉक किती, स्ट्राइकआउट किती, बेस किती चोरले. पाच आकडे पाहिले की दिवस सुरू करायला हरकत नाही.

कॉनर ग्रिफिन तेव्हा १९ वर्षांचा होता. मिसिसिपीतल्या शाळेतून निघालेल्या या पोराला पिट्सबर्ग पायरेट्सने २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नववा उचलला. त्याच्या बॅटिंगविषयी अनेकांना शंका होती, म्हणून तो नवव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. ती शंका पुढच्या वर्षी फिटली.

पायरेट्सच का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. हा संघ हरतो. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं त्यांचा हंगाम जिंकण्यापेक्षा हरण्याचाच राहिला. वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९७९ मध्ये. मोठे खेळाडू विकत आणायच्या बाबतीत क्लबचा हात कायम आखडता. अशा संघावर जीव जडला की माणूस वरचा संघ बघायचं सोडून खालच्या गावांकडे बघायला लागतो. तिथे अजून काही बिघडलेलं नसतं.

ही गावं चार. फ्लोरिडातलं ब्रॅडेंटन, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो, पेनसिल्व्हेनियातलं अल्टूना आणि शेवटी इंडियानापोलिस. गावं म्हणायचं इतकंच. इंडियानापोलिस ही चांगली राज्याची राजधानी आहे. मेजर लीगच्या तीसही क्लबांच्या हाताखाली असे चार-चार संघ असतात, एकूण १२०. त्याखाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधले नवशिक्यांचे संघ वेगळे. पोरगं ब्रॅडेंटनला रुजतं आणि जमलं तर एकेक पायरी चढत जातं. या सगळ्याला अमेरिकन माणूस ‘फार्म’ म्हणतो, म्हणजे शेतच.

अल्टूनाचं मैदान मला सगळ्यात आवडतं. जुनं रेल्वेचं गाव. जवळच डोंगराला वळसा घालणारा घोड्याच्या नालेसारखा रेल्वेमार्ग आहे, १८५४ पासूनचा. त्या वळणावरूनच संघाचं नाव पडलं कर्व्ह. उजव्या बाजूच्या कुंपणामागे जत्रेतला लाकडी रोलर कोस्टर उभा. गंमत म्हणजे अल्टूना पिट्सबर्गपासून रस्त्याने जेमतेम दीडशे किलोमीटर, पण शेवटची पायरी ते नाही. पुढे साधारणपणे इंडियानापोलिसला जावं लागतं, आणि ते कितीतरी लांब.

फलक वाचताना गावाचाही हिशेब धरावा लागतो. ग्रीन्सबरोच्या मैदानावर होमरन स्वस्त, तेव्हा तिथले होमरन ऐकून लगेच पेढे वाटायचे नाहीत. वय बघायचं: १९ वर्षांचा पोरगा २३ वर्षांच्यांत खेळत असेल तर त्याचे मध्यम आकडेही चांगले, आणि २५ वर्षांचा गडी पोरासोरांना झोडपत असेल तर कौतुक बेताचंच. बॅटरचे वॉक आणि स्ट्राइकआउट बघायचे, कारण हिट नशिबानेही मिळते, पण कुठला चेंडू सोडायचा ही नजर सहसा नशिबाची नसते. ग्रिफिन त्या एका हंगामात ब्रॅडेंटनहून जूनमध्ये ग्रीन्सबरोला आणि ऑगस्टमध्ये अल्टूनाला पोचला. तिन्ही गावांचे मिळून १२२ सामने, २१ होमरन, ६५ चोरलेले बेस, सरासरी .३३३, म्हणजे दर तीन संधींमागे एक हिट. वर्षाच्या शेवटी तो देशातला सगळ्यात नावाजलेला होतकरू खेळाडू ठरला.

आपल्याकडचा वाचक इथे रणजीशी तुलना करू बघतो, पण ती फसते. रणजी संघाला रणजी जिंकायची असते. अल्टूनाच्या प्रशिक्षकाला मात्र अल्टूना जिंकवण्यासाठी पगार मिळत नाही; तो पिट्सबर्गचा नोकर, खेळाडूही पिट्सबर्गचे. पॉल स्कीन्सचं उदाहरण घ्या. २०२३ च्या ड्राफ्टमधला तो पहिलाच खेळाडू, ९२ लाख डॉलर देऊन घेतलेला. २०२४ च्या वसंतात तो इंडियानापोलिसला सात सामन्यांत पिचिंगला उतरला आणि एकूण २७ इनिंग्ज आणि वर एक बाद एवढंच टाकून थांबला, म्हणजे सामन्यामागे चारसुद्धा नाहीत. तेवढ्यात त्याने ४५ जणांना स्ट्राइकआउट केलं. समोरच्याला चेंडू दिसत नसतानाही ठरलेला आकडा झाला की त्याला काढून घ्यायचे. तिकीट काढून आलेल्या गावकऱ्याने काय करावं? त्याने हात चोळावेत. तो खांदा त्याच्या गावासाठी नव्हताच. ११ मे २०२४ ला स्कीन्स पिट्सबर्गच्या मैदानावर उतरला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

शेताची ही कल्पना ब्रँच रिकीची. सेंट लुइस कार्डिनल्सकडे तयार खेळाडू घ्यायला पैसा नव्हता, म्हणून त्याने १९२० च्या दशकात लहान गावांचे संघच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पुढे ब्रुकलिन डॉजर्सला गेल्यावर त्याने जॅकी रॉबिन्सनला आणलं, तेही आधी १९४६ चा हंगाम माँट्रियलच्या दुय्यम संघात काढून. मग रिकी पिट्सबर्गला आला. १९५४ मध्ये डॉजर्सने एक पोर्तो रिकन पोरगा त्याच माँट्रियलला ठेवला होता. त्याला फार खेळवायचं नाही, म्हणजे दुसऱ्यांच्या डोळ्यांत भरणार नाही, असा त्यामागे हिशेब होता असं बरेच जण सांगतात. पण वर्षाच्या शेवटी दुसऱ्याच्या शेतातलं राखून न ठेवलेलं रोप ठरलेली किंमत देऊन उचलता येतं, असा नियम होता आणि आजही थोड्या फरकाने आहे. रिकीच्या माणसांनी चार हजार डॉलर मोजले. तो पोरगा रॉबर्टो क्लेमेंटे. पिट्सबर्गसाठी त्याने बरोबर तीन हजार हिट मारल्या.

क्लेमेंटेची गोष्ट सांगायला गोड वाटते. पण शेतात पेरलेलं बहुतेक उगवून वर येत नाही, आणि ते वाढवण्याचा खर्च बरीच वर्षं पोरांच्याच खिशातून निघत होता. २०२२ पर्यंत अल्टूनाच्या पायरीवरचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलरच्या आसपास होता, आणि तोही हंगामापुरता. चार-पाच जणांनी एक फ्लॅट घ्यायचा, फुगवायच्या गादीवर झोपायचं, हिवाळ्यात मिळेल ते काम करायचं. काही जण कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये मेजर लीगने १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी पोरांनी युनियन केली. २०२३ च्या करारात अल्टूनाचा आकडा ३०,२५० वर गेला. त्याच वर्षी पिट्सबर्गचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. मधली पायरी केवढी उंच आहे ते यावरून कळावं.

या शेतात दोन रोपं आपल्या मातीतलीही होती. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या टीव्ही स्पर्धेतून ते निवडले गेले. तोवर त्यांना बेसबॉल ठाऊक नव्हता. काही महिने कॅलिफोर्नियात शिकवून त्यांची चाचणी घेतली आणि नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने दोघांशी करार केला. २००९ च्या जुलैत ते फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या संघात खेळले आणि रिंकूच्या नावावर एक विजय लागला. दिनेशला २०१० च्या शेवटी मोकळं केलं. रिंकू २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघापर्यंत चढला, मग दुखापती आणि कोपराची शस्त्रक्रिया. पुढे तो कुस्तीच्या आखाड्यात, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला. डिस्नेने त्यांच्यावर सिनेमा काढला, त्यात करार मिळाला की गोष्ट जवळजवळ संपते. फलक वाचणाऱ्याची गोष्ट तिथून सुरू होते. एवढ्या उशिरा हातात चेंडू आलेला माणूस पहिल्या पायरीवर टिकला, हेच मला त्या सिनेमापेक्षा मोठं वाटतं.

आणि ड्रू मॅगी. २०१० मध्ये पंधराव्या फेरीत पायरेट्सनेच घेतलेला. नंतर इतर क्लबांच्या गावांतून फिरत फिरत तो परत याच शेतात आला. २३ एप्रिल २०२३ ला अल्टूनातून त्याला पिट्सबर्गला बोलावलं, कारण वरच्या संघातला एक खेळाडू घरच्या दुःखद प्रसंगासाठी गेला होता. वय ३३. मागे तेरा हंगाम आणि खालच्या गावांतले १,१५५ सामने. २६ एप्रिलला अँड्र्यू मॅककचनच्या जागी तो बॅट घेऊन निघाला तेव्हा सगळं मैदान उभं राहून त्याच्या नावाचा घोष करत होतं. तो स्ट्राइकआउट झाला. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याला पहिली हिट मिळाली, आणि मग क्लबने त्याला परत खाली पाठवलं. मेजर लीगमध्ये मॅगी एकूण तीन सामने खेळला.