विंचची चेन : ना ढिली, ना ताठ



इंदूरला पाहुण्यांकडे जाताना विंचची जुनी चेन सोबत नेली होती. सियागंजच्या घाऊक बाजारात दुकानदाराने ती ताणून मोजली. एक इंची चेनच्या बारा कड्या नव्या असताना १२ इंच भरतात. आमच्या तीन सूत जास्त भरल्या. म्हणाला, "ही संपली." पिना-बुश झिजले की चेन लांबते. मग कितीही ताणा, ती दात्यांवर चढतेच. भरलं जाळं ओढताना तुटली तर खलाशाचा हात जाईल.

ताण बघताना इंजिन बंद ठेवा. दोन चाकांच्या मध्यांत ६०० मिमी अंतर असेल, तर ढिल्या बाजूला मधोमध चेन वर-खाली मिळून साधारण १२ मिमी हलावी. जास्त कसली तर बेअरिंग जातं. दाते झिजले असतील तर चाकंही बदला.

बंदी उठायच्या आत मोजून घ्या.