अंकांचा पत्ता

पोस्टाने पाठवावयाच्या पत्रावर गावाच्या नावापुढे सहा अंकी संख्या लिहितात. तिला पिनकोड म्हणतात. डाक खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धती योजिली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती भारतात सुरू झाली. अकोल्याच्या मुख्य डाकघराचा पिनकोड ४४४००१, तर अमरावतीच्या मुख्य डाकघराचा ४४४६०१ आहे. दोहोंचे पहिले तीन अंक सारखेच आहेत. त्यांवरून पत्र वऱ्हाडाच्या या भागात जावयाचे आहे, हे समजते. उरलेल्या अंकांवरून डाकघर समजते. घर मात्र या अंकांत नसते. ते पोस्टमनला शोधावे लागते.

संगणकांच्या जगातही असाच एक अंकांचा पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. अमरावतीची एखादी मुलगी इंटरनेटवर काही माहिती मागते, तेव्हा तिची मागणी दूरच्या संगणकाकडे जाते. उत्तर कोठे धाडावे हे त्याला कळावे, म्हणून मागणीबरोबर हा पत्ताही जातो. त्याच्या जुन्या पद्धतीत शून्य ते २५५ यांमधील चार संख्या असतात. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. पण जगातील उपकरणांना तेही पुरत नाहीत. म्हणून एकाच पत्त्यामागे घरातील सर्व फोन व संगणक असतात. कधी अनेक घरेही असतात. आज एका घराला मिळालेला पत्ता उद्या दुसऱ्या घराकडे जाऊ शकतो.

हा पत्ता पाहून परक्या माणसास काय कळते? इंटरनेट पुरविणारी कंपनी कोणती आणि शहर साधारणपणे कोणते, एवढेच; तेही कधी चुकते. ग्राहकाचे नाव त्या कंपनीच्या नोंदवहीत असते. परंतु त्याच मुलीने आपल्या शाळेचे नाव, छायाचित्र आणि जन्मदिवस इंटरनेटवर लिहिले, तर त्या सर्वांची सांगड घालून तिचा माग काढणे सोपे जाते. एकटा अंक फारसे बोलत नाही. इतर माहितीच्या संगतीत तो बोलका होतो.

दुसरा धोका दाराचा आहे. काही दुष्ट प्रोग्राम पत्त्यामागून पत्ता घेऊन प्रत्येक दार ठोठावीत फिरतात. घरातील राउटर किंवा कॅमेरा यांचा कारखान्यात ठरविलेला परवलीचा शब्द तसाच ठेवला असेल, तर ते आत शिरतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने असे नेहमीचे साठाहून अधिक शब्द वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली. मालकांना त्याची दादही नव्हती. त्या उपकरणांनी एकाच ठिकाणी मागण्यांचा लोंढा सोडल्यामुळे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. असाच लोंढा एखाद्या घराच्या पत्त्यावर सोडून त्या घराचे इंटरनेटही बंद पाडता येते.

तिसरा धोका चुकीच्या अनुमानाचा आहे. २००७ साली पुणे पोलीस इंटरनेटवरील एका आक्षेपार्ह मजकुराचा तपास करीत होते. आयपी पत्त्यावरून ग्राहकाची माहिती कळविताना कंपनीकडून चूक झाली आणि बंगळूरच्या एका निरपराध तरुणास सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढावे लागले. कोणता अंक कोणत्या क्षणी कोणाकडे होता, हे काटेकोरपणे पाहिले नाही, तर असा अनर्थ होतो.

म्हणून आयपी पत्त्याला भिऊ नये आणि त्याविषयी गाफीलही राहू नये. राउटरचा परवलीचा शब्द बदलावा. उपकरणांतील प्रोग्राम अद्ययावत ठेवावेत. अनोळखी माणसाने पाठविलेला दुवा उघडू नये, कारण तो उघडताच आपला पत्ता त्याच्या हाती जाऊ शकतो. पत्ता लपविणाऱ्या सेवाही आहेत. परंतु त्या चालविणाऱ्याला तो पत्ता दिसतोच, हे विसरू नये. काही विपरीत घडल्यास वडीलधाऱ्यांना तत्काळ सांगावे.

खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क लहानांचाही आहे. कायदा त्याचे रक्षण करील. परंतु आपल्या दाराची कडी ज्याची त्यानेच लावावयाची असते.