मसूरच्या फलाटावर विचारलेला प्रश्न

खोपटच्या गल्ल्यांतून १४ एप्रिलच्या निळ्या पताका अजून उतरलेल्या नसतात, तोच १६ एप्रिल उजाडतो. भीमजयंतीच्या मिरवणुकीत घसा बसलेली आमची पोरे एस.टी.च्या आगारावरून चालत ठाणे स्टेशन गाठतात आणि लोकलला लटकून कामावर जातात. त्या दिवशी ठाणे स्टेशनचा वाढदिवस असतो, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्याला आली. १४ डबे, ३ इंजिने, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटरचा तो प्रवास शाळेच्या पुस्तकात आहे, जगन्नाथ शंकरशेट यांचे नावही आहे. रूळ टाकणाऱ्या हातांचे नाव मात्र कुठेही नाही.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे भायखळ्याचे रेल्वे स्थानक. १८५३ च्या त्या पहिल्याच मार्गावरचे हे स्थानक. काळाच्या ओघात त्याच्या दगडी भिंतींवर रंगाचे थरावर थर चढले, मूळ कमानी आणि खिडक्या झाकल्या गेल्या. ‘आय लव्ह मुंबई’ ही नागरिकांची संस्था पुढे आली, बजाज समूहाच्या न्यासांनी पैसा दिला, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी देखरेख केली आणि मध्य रेल्वेने संमती दिली. कोरोनाच्या काळातून वाट काढत हे काम २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत भायखळ्याला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. विशेष म्हणजे हे स्थानक काचेच्या पेटीत ठेवलेले नाही. रोज हजारो कष्टकरी त्याच जिन्यांवरून आजही धावतात. ज्यांनी हे काम केले, त्यांचे अभिनंदन करण्यात आपण कंजूषी करू नये.

पण अभिनंदन करून झाल्यावर एक प्रश्न उरतो. दगड जपला, लाकूड जपले, काच जपली. आठवण कोणाची जपली? आणि जी आठवण आपली आहे, ती जपायला कोण येणार आहे?

‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ हे बाबासाहेबांचे छोटे आत्मकथन चळवळीतल्या प्रत्येकाने वाचलेले असते, निदान ऐकलेले तरी असते. ते पुन्हा काढा आणि त्यातील प्रसंग कुठे घडतात, एवढेच बघत जा. पहिला प्रसंग १९०१ चा. नऊ वर्षांचे भीमराव घरातल्या मुलांसह वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातील गोरेगावला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशन मास्तर आपुलकीने विचारपूस करतो आणि मुलगा निरागसपणे सांगतो की आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा बदलतो, तो पाठ फिरवून खोलीत जातो. बैलगाडीवाले तयार होत नाहीत. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरते. ती रात्र मुले पाण्याच्या घोटाविना काढतात.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. परदेशातली उच्च विद्या घेऊन १९१७ मध्ये नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना बडोदे स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न पडतो तो हा की आता जायचे कुठे? पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे बाहेर काढले, हे सर्वांना माहीत आहे. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले. तिसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तेव्हा ते सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य होते. पण स्टेशनावरून त्यांना न्यायला एकही टांगेवाला तयार नव्हता. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला, पुलाजवळ टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

मसूर, बडोदे, चाळीसगाव. तिन्ही ठिकाणी रेल्वे स्थानक आहे, हा योगायोग नाही. तिकिटाच्या खिडकीवर पैसे मोजले की तिकीट मिळत होते आणि त्यावर जात लिहिलेली नसे. गाडीचा डबा तुम्हाला नाकारू शकत नव्हता. फलाटावर पाणी मात्र हिंदूंचे वेगळे आणि मुसलमानांचे वेगळे असे. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले की टांगेवाला, गाडीवान, धर्मशाळा, अशी जातीची हद्द सुरू होई. कायद्याची समता जिथे संपते आणि समाजाची विषमता जिथे सुरू होते, ती रेषा त्या काळी स्टेशनच्या फाटकातून गेलेली होती. संविधानाचा अनुच्छेद १५ मधला दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि सार्वजनिक जागांविषयीचा भाग आणि अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ वकील म्हणून मी न्यायालयात वाचतो, तेव्हा मला मसूरचा फलाट दिसतो. मग अशा स्थानकाला आपण नुसते स्थानक म्हणायचे की आपल्या लढ्याचे पहिले पान म्हणायचे?

दुसरी आठवण श्रमाची आहे. माझे आजोबा जी.आय.पी. रेल्वेत गँगमन होते. हातोडा खांद्यावर टाकून ऊनपावसात रूळ तपासत चालणे, हे त्यांचे आयुष्य. त्यांच्या नोकरीचे जे चार कागद घरात होते, ते २००५ च्या २६ जुलैच्या पुरात गेले. आम्ही ते कधी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले नव्हते, कारण ते जपून ठेवायचे असतात हेच आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आजोबा शेवटपर्यंत गँगमनच का राहिले, हे मला फार उशिरा कळले. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, ते सर्वांच्या लक्षात आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील जातीची रचनाही उघडी केली होती. अस्पृश्याला गँगमनच्या पुढे जाता येत नाही. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी घरकाम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारखान्यातल्या कुशल कामाचे दारही त्याला बंद असते.

त्याआधी बोरघाट आहे. १८५६ ते १८६३ या काळात तो घाट फोडला गेला. कामाच्या भरात तिथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने, दरडींनी आणि सुरुंगांनी माणसे मेली. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला. त्यात कोणत्या वस्तीतली, कोणत्या जातीतली माणसे होती, याची यादी कोणी केली नाही.

अमेरिकेतल्या शिकागोत पुलमन नावाची वसाहत आहे. रेल्वेचे आलिशान डबे बनवणाऱ्या कंपनीने ती वसवली. त्या डब्यांत कृष्णवर्णीय पोर्टर राबत. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची संघटना उभारली. पुढे १९६० मध्ये ही वसाहत पाडण्याचा बेत आखला गेला, तेव्हा रहिवाशांनीच संघटना करून तो हाणून पाडला. १९९५ मध्ये तिथे कृष्णवर्णीय पोर्टरांचे संग्रहालय उभे राहिले. २०१५ मध्ये सरकारने त्या परिसराला राष्ट्रीय स्मारक घोषित केले. क्रम लक्षात घ्या. आधी माणसे उभी राहिली, सरकार त्यांच्या मागून आले.

आपल्याकडेही असे घडले आहे. लंडनमधले १० किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले घर विक्रीला निघाले, तेव्हा तिथल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनीच पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घेतले. याच्या उलट उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. २५ जून २०१६ च्या पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडण्यात आले. आपण रस्त्यावर उतरलो, प्रचंड मोर्चा काढला. पण मोर्चाने पाडलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. वास्तू पाडल्यावर संताप करायचा आणि उभी असताना तिकडे फिरकायचेही नाही, ही आपली सवय कधी सुटणार?

आज देशभर तेराशेच्या आसपास स्थानकांच्या पुनर्विकासाची योजना सुरू आहे. स्वच्छतागृहे, सरकते जिने, निवारे हवेतच. अपंग आणि वृद्ध प्रवाशांचा तो हक्क आहे. पण अशा कामात जुनी इमारत आधी पडते आणि तिची किंमत नंतर कळते. म्हणून ज्या स्थानकांशी आपला इतिहास जोडलेला आहे, त्यांची यादी आपण आजच केली पाहिजे.

यात अशक्य असे काही नाही. जुन्या इमारतीची छायाचित्रे काढा, मोजमापे घ्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हातात आहे. इमारत केव्हा बांधली, तिचे काय करायचे ठरले आहे, नकाशे कुठे आहेत, हे विभागीय कार्यालयाला लेखी विचारा. मसूरसाठी पुणे विभाग, चाळीसगावसाठी भुसावळ विभाग. प्रत्येक विभागात रेल्वे उपयोगकर्त्यांची सल्लागार समिती असते, तिथे विषय लावून धरा. स्थानकाची जमीन रेल्वेची, म्हणजे केंद्राची, त्यामुळे नगरपालिकेला निवेदन देऊन भागणार नाही. भायखळ्यातही रेल्वेच्या संमतीशिवाय एक वीट हलली नसती. संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ५१-अ सांगतो. त्या वारशात मसूरचा फलाट आणि मनमाडची परिषद येते, हे ठणकावून सांगणे आपले काम आहे.

आणि सर्वात आधी गँगमन, खलाशी, हमाल, सफाई कामगार म्हणून ज्यांनी रेल्वेत जन्म काढला, त्या आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसा. त्यांचे बोलणे नोंदवा, त्यांचे बिल्ले, पासबुके, फोटो जपा. रुळांवरची मानवी विष्ठा हाताने उचलणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये रेल्वेपुढे ठेवावा लागला. तीही रेल्वेच्या वारशाचीच एक बाजू आहे आणि कोणत्याही चकचकीत फलकावर ती आपोआप लिहिली जाणार नाही.

पुतळे आपण पुष्कळ उभारले आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण मसूरच्या फलाटावर नऊ वर्षांच्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फक्त पुतळ्याने दिले जात नाही. तुम्ही कोण, असे मास्तरने विचारले होते. त्याच जागी आपल्या हातांनी लावलेल्या फलकावर ते उत्तर आपणच लिहिले पाहिजे. येत्या १४ एप्रिलची मिरवणूक संपली की दोन दिवस पताका उतरवू नका. १६ एप्रिलला त्या निळ्या पताकांसह ठाणे स्टेशनवर या. पहिल्या गाडीच्या वाढदिवसाला, तिचे रूळ टाकणाऱ्यांची नातवंडे म्हणून हजर राहू.

जयभीम!